कोठीतला वास

लीलाबाईचं नाक तिखट आहे, असं उस्मानपुऱ्यातल्या त्या मुलींच्या वसतिगृहात सगळेच म्हणायचे. दूध नासायच्या आधी तिला कळायचं. पोत्याच्या तळाशी ज्वारीला ओल धरली असली तर ती दारातूनच सांगायची. एखादीनं खोलीत दार लावून मॅगी केली की दुसऱ्या दिवशी ताट वाढताना लीलाबाई तिच्याकडं न बघता म्हणायची, "हिला अर्धीच पोळी वाढा गं. काल पोट भरून झोपलीय."

मुली हसायच्या. पण हे नाक दुधावर किंवा ज्वारीवर तयार झालेलं नव्हतं. ते माणसांवर तयार झालं होतं.

सिल्लोडच्या पलीकडं तिचं माहेर. घरात बाबासाहेबांची तसबीर लागून दोन पिढ्या उलटल्या होत्या, पण गावानं ती तसबीर पाहिलीच नाही असं वागायचं ठरवलं होतं. मोठ्या घरच्या लग्नात बौद्धवाड्याची पंगत सगळ्यात शेवटी, उकिरड्याच्या अंगाला बसायची. मांडवात बासमती शिजायचा. त्याचा वास सकाळपासून त्यांच्या घरांवर येऊन बसायचा. प्रत्यक्षात पानात पडायचा तो भात वेगळ्या पातेल्यातला, जाड, बिनवासाचा. सात-आठ वर्षांच्या लीलाला तेव्हा एक गोष्ट कळली. वास एकीकडून येतो आणि ताट दुसरीकडून, तेव्हा मधे कुणीतरी काहीतरी लपवत असतं.

पुढं ती माणसांची तोंडं बघेनाशी झाली, हात बघायला लागली. कोण पेल्याला ओठ लावतं, कोण वरून ओतून घेतं, कोण "चहा आत्ताच झाला" म्हणतं. आपल्या दारात आलं की किती बायकांना नेमका उपवास निघतो. नवरा पुंडलिक कंपनीच्या गेटवर दिवसभर लोकांच्या पिशव्या तपासायचा. तो म्हणायचा, "माझी झडती आठ तासांची. तुझी ड्यूटी सुटतच नाय."

वसतिगृहात ती मुख्य स्वयंपाकीण झाली तेव्हा तीन-चार पालक स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसते उभे राहून गेले होते. काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं तिला एकोणीस वर्षांनंतरही शब्दाशब्दानं पाठ होतं.

आणि तरीही सारजाबाईला तिनं संशयातून वगळलं होतं.

सारजाबाई बिडकीनहून एसटीनं यायची. मराठ्याच्या घरातली, हाडापेरानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. अर्धी जमीन कारखान्यांकडं गेली, उरलेली दिरांमधे वाटली गेली, आणि तिचा नवरा पुंजाराम सगळा दिवस ओट्यावर बसून जाणारे ट्रक बघायला लागला, तेव्हा ती पोळ्या लाटायला इथं लागली. त्याला आठ वर्षं झाली. साठ मुलींची जेवणं उरकली, भांडी पालथी घातली की दुपारी तीनच्या सुमाराला दोघी मधे परात घेऊन बसायच्या. एकाच परातीत. सारजाबाई भाकरी मोडायची, लीलाबाई कालवण ओतायची. या परातीबद्दल लीलाबाई कुणाशी कधी बोलली नव्हती. पण घरी जाताना उस्मानपुऱ्याच्या चौकात उभं राहून ती कधीकधी मनाशी म्हणायची, चला, एक तरी हिशेब आपला चुकला.

दिवाळीची सुट्टी संपून मुली परतल्या आणि कोठीतून वास यायला लागला.

स्वयंपाकघराच्या मागं धान्याची कोठी होती. जुनी कौलारू खोली, कौलांखाली फळ्यांचा माळा, माळ्यावर कुणी वीस वर्षांत चढलेलं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी लीलाबाई दुसऱ्या दिवसाची डाळ काढायला गेली आणि दारातच थबकली. बासमती. नुकताच वाफेला आलेला, झाकण अर्धं सरकवलेला बासमती.

वसतिगृहात बासमती येत नव्हता. तिनं पोती उघडून बघितली, डबे उघडले, कोपऱ्यात वाकून जमिनीला हात लावला. गार. खरकटं नाही, शीत नाही. पण वास होता. पाचच मिनिटांपूर्वी सारजाबाई याच खोलीत दार लोटून साडी बदलत होती आणि "बस जाईल माझी" म्हणत पिशवी घेऊन पळाली होती.

लीलाबाईनं कोठीला कुलूप घातलं. किल्ल्या दोनच होत्या. एक हिच्या कमरेला, एक सारजाबाईच्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी सकाळी, सारजाबाई आधी येऊन पीठ काढत होती तेव्हा. त्याच आठवड्यात मार्गशीर्ष लागला आणि सारजाबाई परातीवर बसेना.

"आज गुरुवार. उपास हाय."

ठीक. मग सोमवारी, "आज बी नाय गं."

"आता सोमवारचा कशाचा?"

"नवस हाय. पुंजारामाच्या गुडघ्याचा."

"गुडघा त्याचा अन् उपाशी तू?"

"मंग काय गुडघ्याला उपाशी ठिवू?" सारजाबाई मोठ्यानं हसली. लीलाबाईही हसली, पण तिचं लक्ष पिशवीकडं होतं. पिशवीत डबा होता. डबा जड दिसत होता.

तिनं धोंडिबाला गाठलं. धोंडिबा माळी, वसतिगृहाचा सगळ्यात जुना माणूस, तिच्याच माहेराकडचा. कानानं निम्मा गेलेला. तो पपईच्या झाडाखाली पानं गोळा करत होता.

"मामा, संध्याकाळी कोठीकडून वास येतो बगा. तुम्हाला येतो का?"

"येतो की."

"कशाचा?"

धोंडिबानं नाक वर केलं, जणू तो वास आत्ता दुपारीही तिथं होता. "ऊद असंल."

"ऊद? कोठीत?"

"दुसरं काय. सांजच्यालाच त्याचा कारभार असतो."

"कोन लावतंय?"

"आं?"

"कोन लावतंय म्हनते मी!"

"लावायचं काय त्यात? आपसूक येतो, आपसूक जातो. कुनाला तरास नाय. ऱ्हाऊ द्या." आणि त्यानं पानांची पाटी डोक्यावर घेतली. त्याला हे बोलणं संपवायचं आहे, असं तिला वाटलं. म्हणजे यालाही ठाऊक आहे.

ऊद कुणाला माहीत नाही या शहरात? दर गुरुवारी हातात निखाऱ्याचं भांडं घेतलेला माणूस चौकातल्या दुकानादुकानांत ऊदाचा धूर फिरवत जायचा. लीलाबाईनं त्या रात्री अंथरुणावर सगळं एकाला एक जोडलं. कोठी बंद करून बासमती शिजवायचा. वर ऊद जाळायचा. परातीवर यायचं नाही, उपास सांगायचा. म्हणजे नैवेद्य. म्हणजे सोवळं. आणि सोवळ्यातला भात या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर शिजत नाही, कारण त्या शेगडीवर एकोणीस वर्षं लीलाबाईचा हात फिरलेला आहे.

जोड कुठंच सुटत नव्हता. म्हणून तिला तो खरा वाटला.

गुरुवारी दुपारी पंगत चालू असताना मोनिका नावाच्या मुलीनं वाढदिवसाची जिलेबी वाटली. सारजाबाईच्या हातावर ठेवायला गेली तर ती म्हणाली, "नगं गं माय, उपास हाय."

भाजीच्या पातेल्यामागून लीलाबाई बोलली. आवाज चढवायचा तिचा विचार नव्हता. तो आपोआप चढला.

"तिला हितलं चालत नाय. कोठीत दार लावून शिजवती ते चालतं."

सारजाबाई आधी हसलीच. "काय शिजवते मी?"

"बासमती."

"बासमती! अगं, माझ्या लग्नात नव्हता बासमती."

"ऊद जाळून शिजवतीस. सोवळ्यात. आठ वरसं परातीत बसलीस अन् आता माझा इटाळ व्हायला लागला व्हय?"

मुली वळून बघायला लागल्या. सारजाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते काही वेळ तिथंच राहिलं, कुणी न्यायला विसरल्यासारखं. मग ती हळू म्हणाली, "तू इतके दिवस माझा वास घेत होतीस?"

तिनं लाटणं धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. कमरेची किल्ली सोडून पोळ्यांच्या डब्यावर ठेवली आणि पिशवी घेऊन निघून गेली.

वसतिगृहाच्या प्रमुख रत्नमाला मॅडमनी लीलाबाईला ऑफिसात बोलावलं. मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या आणि या बाबतीत कडक होत्या. "असं जर झालं असेल, तर हे दोन बायकांचं भांडण नाही. सारजाबाईला इथं ठेवणार नाही मी. आणि कायद्यानं जे करायचं तेही करीन. सोमवारी मला लेखी द्या. काय बघितलं, कधी बघितलं, तेवढंच."

काय बघितलं. लीलाबाईनं घरी कागद काढला. 'मी लीलाबाई, राहणार' इथपर्यंत हात चालला. पुढं 'मी बघितलं' लिहायचं होतं आणि तिनं तर नुसता वास घेतला होता. तिनं कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली. सोमवारला तीन दिवस होते.

शुक्रवारी संध्याकाळी कोठीतून वास आला.

आता दोन्ही किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या. तरीही तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की सारजीनं तिसरी किल्ली करून घेतली असणार. शनिवारी तिनं दाराच्या कडीला काळा दोरा बांधला, उंबऱ्यावर पीठ भुरभुरलं आणि दिवेलागणीपर्यंत स्वयंपाकघरात पाटावर दाराकडं तोंड करून बसून राहिली. दोरा तसाच. पिठावर पाऊल नाही. वास मात्र दाराच्या फटीतून सरळ तिच्याकडं चालत आला, ओळखीचं माणूस यावं तसा.

तेव्हा लीलाबाईला पहिल्यांदा भीती वाटली. बासमतीची नाही. आपण चुकलो असू तर, याची.

रविवारी भर दुपारी तिनं धोंडिबाची शिडी ओढत आणली, कोठीत लावली आणि पदर खोचून चढली. माळ्याच्या दोन फळ्या सरकल्या होत्या. तिनं डोकं आत घातलं. कौलाच्या फटींतून उन्हाचे दोरे आत आले होते. धुळीत काळपट लेंड्या पडल्या होत्या, पपईच्या बियांनी ठासून भरलेल्या. आणि त्यांच्या पलीकडं, वाशाच्या बेचक्यात, काहीतरी वेटोळं करून झोपलं होतं.

मांजर म्हणावं तर तोंड लांबुळकं. मुंगूस म्हणावं तर फार मोठं. अंगावर राखाडी राठ केस, त्यात काळे ठिपके पुसटसे. शेपूट अंगाएवढीच लांब, काळी. तिच्या श्वासानं ते जागं झालं. डोळ्यांभोवती काळं, जसं कुणी काजळ फासून पुसायला विसरलं. त्यानं तिच्याकडं बघितलं. ते घाबरलंही नाही, गुरकावलंही नाही. नुसतं ताडून बघत राहिलं, की ही बाई कोण, हिचा हेतू काय. असं बघणं लीलाबाईला परकं नव्हतं, ते तिचंच होतं. आजवर ते तिच्या वाट्याला आलं नव्हतं, एवढंच.

आणि वास. इथं तो इतका दाट होता की जेवायला बसावं.

ती खाली उतरली तेव्हा शिडीशी धोंडिबा उभा होता.

"दिसला का?"

"मामा, काय हाय ते?"

"ऊद. म्हनलं नव्हतं का मी? उदमांजर. मसन्याऊद म्हनतात आपल्याकडं. शेपटीखाली गाठ असती त्याच्या. जिथं घासंल तिथं भाताचा वास सुटतो. पपया त्येच खातंय माज्या."

"अन् तुम्ही मला ऊद म्हनून सांगितलं!"

"मंग ऊदाला काय म्हनू? बासमती म्हनू?"

लीलाबाई शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. तिला हसू येत होतं आणि ते बाहेर पडू द्यायची लाज वाटत होती. मग ती उठली, मॅडमना सांगितलं, मॅडमनी वन खात्याला फोन लावला. तिकडून सांगितलं की धरायची गरज नाही, संध्याकाळी ते बाहेर पडलं की भोक बुजवा, दुसरीकडं जाईल. ते ऐकायला लीलाबाई थांबली नव्हती. ती बिडकीनच्या बसमध्ये होती.

सारजाबाईच्या ओट्यावर पुंजाराम ट्रक बघत बसला होता. गुडघ्याला खरंच फडकं बांधलेलं होतं. त्यानं मानेनंच आत जा म्हटलं. सारजाबाई लसूण सोलत होती. तिनं वर बघितलं नाही.

"बस."

लीलाबाई बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ऊद, शेपटीखालची गाठ, पपईच्या बिया, दोरा, पीठ. पिठाचं ऐकून सारजाबाईच्या ओठाचा कोपरा हलला.

"माझी पावलं बघाय पीठ टाकलंस?"

"व्हय."

"किती टाकलंस?"

"मूठभर."

"साठ पोरींच्या वाट्यातलं." तिनं लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "अन् मी खरंच शिजवला असता तर?"

"तर कागद दिला असता म्या. तुझी नोकरी गेली असती."

"द्यायलाच पायजे होता."

तिनं ताटली बाजूला सारली. मग सारजाबाई म्हणाली, "तू लांबून खोटं खोडायला आलीस. मंग खरं बी घेऊन जा. मी कामाला लागले तवा पहिलं सा म्हयने तुझ्या हातचं खाल्लं नाय."

लीलाबाईला आधी समजलंच नाही. "पण परातीत बसायचीस की."

"बसायची. घास तोंडाशी न्यायची, पदराआड ठिवायची. पदर भरला की मागं जाऊन कुत्रीला टाकायची. घरी येऊन जेवायची. सासू जित्ती होती तवा. तिनं शपथ घातली होती." ती आता लीलाबाईकडं थेट बघत होती. "सा म्हयने. तुझ्या म्होरं. तवा तुझं नाक कुठं होतं?"

आठ वर्षं तिनं एकच माणूस तपासायचं सोडलं होतं. तपासायचं सोडलं होतं की तपासायची हिंमत नव्हती?

"मंग कधीपासून खायला लागलीस?"

"एक दिस बस बंद पडली. लई भूक लागली व्हती. तू वांग्याचं भरीत केलं व्हतं. खाल्लं." सारजाबाईनं खांदे उडवले. "काय झालं नाय. दुसऱ्या दिशी बी काय झालं नाय. मंग म्हनलं, येवढ्यासाठी कुत्री माजवली मी."

ती हसली नाही. लीलाबाईही हसली नाही.

"सोमवारी ये," लीलाबाई उठत म्हणाली.

"पोरींसमोर बोललीस. पोरींसमोरच परत घे. मंग येते."

परतीच्या बसमध्ये लीलाबाईनं पाकिटातला कागद काढला. 'मी लीलाबाई, राहणार'. आता तिच्याकडं लिहायला होतं. बघितलेलं नव्हतं, पण कबूल केलेलं होतं. वासापेक्षा पक्कं. तारीख नव्हती, साल होतं. बस रेल्वे फाटकाशी थांबली तेव्हा तिनं पेन शोधलं. फाटक उघडून बस निघाली तेव्हा पेन तिच्या हातात होतं आणि टोपण तसंच होतं. सहा महिने एका बाजूला, साडेसात वर्षं दुसऱ्या बाजूला, असं तोलून बघायचा तिनं प्रयत्न केला. ते तोललं जात नव्हतं. दोन्हींचं माप वेगळं होतं.

सोमवारी सकाळी मॅडमनी विचारलं, "लेखी आणलं?"

"न्हाई. कोठीत मांजर होतं."

"ते कळलं मला. दुसरं काही नाही ना?"

"होतं. ते जुनं हाय अन् आमच्या दोघींतलं हाय. त्याला कागद लागत नाय."

मॅडमनी मान हलवली. पटल्यासारखी नाही. पण हलवली.

पोह्यांच्या वेळी ती मुलींसमोर उभी राहिली. सारजाबाई दारात पिशवी घेऊन उभी होती. आत आली नव्हती.

"मी सारजाबाईवर आळ घेतला," लीलाबाई म्हणाली. "खोटा होता. ती कोठीत काय शिजवत नव्हती. चूक माझी."

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, पण मांजराला बासमतीचा वास?" हशा पिकला. मोनिका म्हणाली, "मग आम्हालाही तेच शिजवून घाला की!" आणखी हशा. लीलाबाईला वाटलं, लवकर संपलं. साठ मुलींना ते प्रकरण मांजराचं वाटलं, आणि मांजराचंच राहील. सारजाबाई आत आली, पिशवी खुंटीला अडकवली, पिठाचा डबा ओढला.

दुपारी तीनला दोघी परात घेऊन बसल्या. सोमवार होता.

"उपास?" लीलाबाईनं विचारलं.

"मोडला. डब्यातली भगर खाऊन गुडघा कुठं बरा व्हायलाय."

सारजाबाईनं भाकरी मोडली. लीलाबाईनं कालवण ओतलं. मग तिनं स्वतःच्या घासाकडं बघायचं ठरवलं. बघितलंही. पण नजर सरकली. ती सारजाबाईच्या हातावर गेली, हाताबरोबर वर गेली, तोंडाशी थांबली, तिथून पदराकडं गेली. तिला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. हे आता रोज होणार, हेही कळत होतं.

सारजाबाई चावता चावता थांबली. तिनं घास गिळला, नरड्यावरून बोट फिरवून दाखवलं. मग लहान पोर वैद्यापुढं उघडतं तसं तोंड मोठं उघडलं, जीभ बाहेर काढली, डावीकडचा गाल, उजवीकडचा गाल, बोटानं ओढून दाखवला.

"बग. नीट बग. गेलं का खाली?"

"गेलं."

"तर मंग तू बी खा. गार व्हायलंय."